पाण्याच्या टाकीवरचा किल्ला

— नाही, तो समोर उभा आहे तो काँक्रीट फोडायचा ब्रेकरच आहे, म्हैस आहे असं मी कुठे म्हणतेय? पण तो भाड्याने मिळणार नाही. का म्हणजे? माझा आहे, म्हणून. बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय विटेचा आहे, सवय नसलेला माणूस पडतो — इथे, गोणीवर बसा. पँटचं काय, झटकली की झालं. अहो, वाघोलीत राहता आणि धुळीला घाबरता? इथल्या क्रशरची धूळ आम्हाला फुकट येते, तुम्ही 'मेपल मिस्ट' सोसायटीवाले तीच मेंटेनन्स भरून घेता. मेपल काही मला तिथे दिसलं नाही, मिस्ट म्हणाल तर ती हीच. बरं, मला ओळखलंत का? नाही ना, तुमच्या चेहऱ्यावर 'कुठेतरी पाहिलंय' एवढंच दिसतंय. सेक्रेटरी ना तुम्ही, यज्ञेश्वर? मग दिवाळीच्या आधी तुमच्या आवारात हेल्मेट घालून ओरडणारी म्हातारी आठवत असेल. ती मी. दुर्गाबाई. हे यार्ड माझं, ही मशिनं माझी, आणि तुम्हाला जो फोडायचाय तो किल्लाही — असू दे. तो तुमचा. तुमच्या फ्लेक्सवर तसंच छापलं होतं.

'छोटंसं स्ट्रक्चर काढायचंय' म्हणे! किल्ला म्हणा की. जीभ झडणार आहे का? सबंध पुण्यात पोरंटोरं दिवाळीला किल्ला करतात — दगड रचायचे, पोत्यावर चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे, वर महाराज बसवायचे, आणि दिवाळी सरली की महाराज-मावळे खोक्यात अन् माती कुंड्यांत. त्यात आजवर कुणाला ब्रेकर लागला? नाही लागला. तुम्हालाच लागतोय. कशामुळे? तर मागच्या वर्षी स्पर्धेच्या तोंडावर पाऊस आला, तुमचा गड गटारात वाहून गेला, पहिलं बक्षीस शेजारच्या सोसायटीला मिळालं, आणि तुमचे चेअरमन अवधूतराव — त्यांना म्हणे महिनाभर घास गेला नाही. मग आले इथे. याच गोणीवर बसले. 'मावशी, यंदा असा करायचा की पन्नास वर्षं हलणार नाही.' मी दोनदा विचारलं, पन्नास? दिवाळी चार दिवसांची असते हो. 'नाही नाही, परमनंट.' घ्या म्हटलं परमनंट. आता फेब्रुवारी उजाडल्यावर तुम्ही मला सांगायला आलात की तो फारच परमनंट झालाय!

आणि मागवलं तरी काय काय! जेसीबी मागितला, दोन घमेली माती ओढायला. क्रेन मागितली, बुरुजावर एक दगड ठेवायला — जो दगड तुमचा वॉचमन काखेत मारून नेत होता. मिक्सर, कॉम्प्रेसर, आणि हे आमचं गनायटिंगचं मशीन, तुम्ही लोक शॉटक्रीट म्हणता ते. बोगद्याच्या छताला, खणलेल्या बेसमेंटच्या भिंतीला काँक्रीटचा फवारा मारायचं मशीन — ते मावळ्यांसाठी! बरं, आणलं तर आणलं, गप्प बसून काम तरी बघावं? सगळे हिंजवडीचे इंजिनिअर, प्रत्येकाने मोबाईलवर एक-एक व्हिडिओ बघून ठेवलेला. एक म्हणतो प्रेशर वाढवा, दुसरा म्हणतो पाणी वाढवा, तिसरा विचारतो यात गेरू मिसळला तर रंग आपोआप येईल का. आणि अवधूतराव! पांढरा झब्बा घालून, हातात फावडं धरून, नोझलच्या पुढ्यात उभे — रील काढताहेत. मी ओरडले, बाजूला व्हा, माल उसळतो! फवारा भिंतीवर आपटला की त्यातली वाळू-खडी परत अंगावर येते, हे काय लग्नातलं गुलाबपाणी आहे? नाही झाले बाजूला. मग झाले. म्हटलं, झब्बा लगेच भिजत घाला, तेही ऐकलं नाही. आता तो झब्बा म्हणे आतल्या माणसाशिवाय उभा राहतो.

पाणी? हो, कळलंय मला, पाणी नाहीये तुम्हाला. बोअरवेल आटली, टँकर मागवला, आणि टँकर दारात उभा राहिल्यावर टाकीचं झाकण शोधायला लागलात! टाकी जमिनीखाली, झाकण जमिनीबरोबर, आणि झाकणावर — हसत नाहीये हो मी, खोकला आहे. सगळ्या आवारात ते प्लास्टिकचं हिरवं गवत कुणी अंथरलं? तुम्ही. पाहुणे येणार म्हणून. त्या गवतावर चुन्याने गोल कुणी आखला? अवधूतरावांनी. झाकण कुठे आहे हे कुणाला ठाऊक होतं? जुन्या कमिटीला. जुन्या कमिटीला विचारलं कुणी? कुणीच नाही, कारण निवडणूक झाल्यापासून तुम्ही त्यांच्याशी लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाही. आणि ते तरी काय, रोज गॅलरीत कप घेऊन उभे, गड वर चढताना बघताहेत — सांगितलं? छे. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. यालाच म्हणतात सहकारी गृहरचना संस्था. आता ती नवव्या मजल्यावरची हेमा बादल्या उचलून कंबर धरून बसलीये, लोक पिंपं घेऊन टँकरच्या पाईपपुढे भांडताहेत, शेजारची सोसायटी वरून फोटो काढतेय — मला कुणी सांगितलं म्हणजे? दिसतं की जाता-येता. माझी वाट तिकडूनच आहे. संध्याकाळची. रोज नाही काही.

वॉचमनने लावालावी केलेली दिसतेय. म्हातारी फाटकापाशी उभी असते म्हणून? असते उभी. रस्ता महानगरपालिकेचा आहे. पोरं चढतात ना त्याच्यावर — पायऱ्यांनी वर जातात, मागच्या कड्यावरून घसरत खाली. ती एक मुलगी आहे, अवनी का कोण, वरच्या बुरुजावर कमरेवर हात ठेवून सगळ्या पोरांना हुकूम सोडत असते. आमच्या लहानपणी मुलींनी माती चाळायची, शेण कालवायचं, अळिवावर पाणी शिंपडायचं, आणि किल्ला झाला की लांबून बघायचं. वर हात लावायचा तो पोरांनी. ते जाऊ दे. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं कॉम्प्रेसरने शिकवलं. पहिलं गनायटिंगचं मशीन आलं तेव्हा त्याचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, कळलं नाही तिथे मशीनच खोललं. विहिरी झाल्या, बेसमेंट झाली, घाटातल्या दरडी झाल्या — दिसतंय का त्यातलं काही? आमचं काम नीट झालं की दुसरा येऊन त्याच्यावर फरशी लावतो. हा एवढा एक किल्ला उघड्यावर राहिला. आणि तो मी स्वतः — हो, मी. नोझल माझ्याच हातात होतं ना? माझा ऑपरेटर धम्मदीप, त्याला ताप आलाय असं मी तुमच्या कमिटीला सांगितलं. कसला ताप, रेड्यासारखा धडधाकट माणूस! त्याला मीच सासुरवाडीला पिटाळला, म्हटलं जा, यंदा दिवाळी लवकर सुरू कर. आणि घेतली नळी खांद्यावर, या वयात. कडा असा ओबडधोबड सोडला की खऱ्या डोंगराने विचारावं, पाव्हणं, गाव कुठलं? आणि तुम्ही फ्लेक्सवर काय छापलंत? संकल्पना अवधूतराव, मार्गदर्शन अवधूतराव, निर्मिती कमिटी. मंडपवाल्याचं नाव, बिस्किटाचे पुडे देणाऱ्याचा तर फोटोसुद्धा. गनायटिंगवालीचं? मला काही नाही हो त्याचं. मी तो फ्लेक्स तीनदाच वाचला.

तर ब्रेकर नाही. आणि दुसरीकडेही पायपीट करू नका, वाघोलीतल्या सगळ्या यार्डवाल्यांना मी फोन करून ठेवलाय, आज सगळ्यांचेच ब्रेकर आजारी आहेत. अजून थोडे दिवस उचला बादल्या. मग अवधूतराव स्वतः येतील, त्याच झब्ब्यात येऊ देत, इथे बसतील आणि म्हणतील, दुर्गाबाई, आता तुम्हीच काय ते सांगा. मग मी सांगेन. — काय सांगेन ते माझं मी बघेन. तुम्ही चहा घ्या. का नको? घाई कसली एवढी? — कुणाचा? मार्केट यार्डकडच्या माणसाचा? त्याच्याकडे कुठला आलाय ब्रेकर — केव्हा पोचला? सकाळीच? म्हणजे आत्ता, आपण इथे बोलतोय तेव्हा तो तिथे — मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? दुसरा हवाय? दोन्हीकडून लावायला? दोन्हीकडून!

फोन लावा. आधी अवधूतरावांना फोन लावा, मशीन बंद करा म्हणावं! बाहेर कुठे निघालात, इथूनच लावा, रेंज नसेल तर त्या जेसीबीवर चढा पण लावा! अहो, झाकण मोकळं आहे! मोकळं, मोकळं! पुढचा महादरवाजा आहे ना, बंद दाखवलेला — तो दरवाजा नाही, गोणपाट आहे, वर बोटभर माल आणि तपकिरी रंग. लाथ घातली की आत. आत माणूस बसेल एवढी पोकळी ठेवलीये मी, सळया वाकवून, जाळी लावून, आणि तिच्या तळाशी तुमचं झाकण आहे, वरचं गवत कापून, जसंच्या तसं. गवतावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच पायाखाली खण्ण वाजलं होतं. मग बोलले का नाही? तुम्ही विचारलंत का मला? — बघू नका असं. कळतंय मला, जुनी कमिटी हेच म्हणते. म्हणू दे. मी वाट बघत होते हो. म्हटलं बक्षीस मिळालं की येईल कुणीतरी विचारायला, बाई, हा आतून धरलाय कसा? निदान माझं नाव विचारायला तरी येईल. नाही आलं. मग पाणी गेलं, म्हटलं आता कुठे जातात, आता येतीलच. आणि तुम्ही आलात ते फोडायचं मशीन मागायला! — लागला? काय म्हणताहेत? थांबवलं का? कुठवर आला होता? बोला ना! मागचा कडा? सगळा? — टवका. टवका म्हणजे केवढा? हात करून दाखवा. एवढा? नक्की एवढाच ना? बरं. बरं. एवढा मी उद्या भरून देते, मशीन घेऊन येते सकाळी, तोवर कुणी त्याला हात लावायचा नाही, आणि तो दरवाजा फोडलात की झाकणाला आधी कुलूप घाला, पोरं शिरतील आत. भाडं? भाड्याचं नाव काढाल तर ब्रेकर तुमच्यावर सोडेन. — मला कशाला देताय फोन? मी नाही बोलणार. त्यांचं काय आहे माझ्याशी? किल्ला दाखवताना पन्नास माणसांसमोर ज्यांना माझं नाव — द्या इकडे.

हॅलो. — हं. — हं. दुर्गाबाईच बोलतेय. — नाही, ऐकतेय. — हं.

यज्ञेश्वरराव, तुम्ही जरा बाहेर उभे राहा.