तिसऱ्या टेबलावरची कॉइल

अन्याय झाला तो माझ्यावर, श्रद्धा कदमवर, गेल्या वर्षी बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला, सकाळच्या बॅचमध्ये, तिसऱ्या टेबलावर. छापणारच आहेस तर आधी हेच लिही ताई, कारण आमच्या नात्यात अजून सगळे म्हणतात की श्रद्धाने सोप्पं प्रॅक्टिकल घालवलं.

आम्ही मूळचे खेडचे, पण माझा जन्म ठाण्याजवळच्या दिव्यातला, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. पप्पा ठाण्यात सोसायटीत वॉचमन, आई घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, मी मोठी, खाली सायली. सायन्स मीच घेतलेलं, हट्ट करून. कॉलेज डोंबिवलीत. नाव नको लिहूस, सायली अजून तिथेच आहे.

आता काय सांगू तुला, आमच्या लॅबमध्ये एक पद्धत होती, रीडिंग जमवायची. म्हणजे दोन कॉइल दिल्या, एक दहा ओहमची, एक पंधराची, तर एकामागे एक जोडल्या की पंचवीस यायला पाहिजेत आणि शेजारी शेजारी जोडल्या की सहा, हे सगळ्यांना आधीच पाठ, मग उत्तर आधी लिहायचं आणि त्याला शोभतील अशी रीडिंग मागून भरायची, मीटर नुसता समोर ठेवायचा, देवासमोर नारळ ठेवतात तसा. मीपण वर्षभर तेच केलं. पण परीक्षा आहे म्हटल्यावर मला वाटलं, आज तरी खरं करू.

एकामागे एक जोडल्या, तर काटा हललाच नाही. वायरी घासल्या, स्क्रू आवळले, तरी नाही. मग शेजारी शेजारी जोडल्या, तर काटा हलला, पण उत्तर आलं दहा. सहा नाही, दहा. म्हणजे पंधरावाली आतून तुटलेली. दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, पण घरात ट्यूब गेली तरी पंखा फिरतो, तसंच ते, त्यात काय मोठं डोकं लागतं. मी परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांना म्हटलं, सर, ही कॉइल गेलीय, बदलून द्याल का.

ते म्हणाले, कालच्या बॅचला याच टेबलावर पंचवीस आले, तुझ्यासाठी गेली का कॉइल? कुठून येतेस? मी म्हटलं दिव्याहून. तर म्हणतात, अच्छा, तिकडे पाणी नाही, इकडे करंट नाही. सगळे हसले. आमच्या मॅडमपण हसल्या, आणि जवळ येऊन कानात म्हणाल्या, अगं लिहून टाक ना जे यायला पाहिजे ते, कशाला हीरोगिरी. मी नाही लिहिलं. शून्य करंट लिहिलं, दहा ओहम लिहिलं, खाली कॉइल तुटलेली आहे असं लिहिलं. आणि पेपर देताना म्हटलं, सॉरी सर.

सॉरी कशाला म्हटलं मी? ते आठवलं की अजून कान तापतात.

मार्क कमी पडले. घोडबंदरची काकू पेढे घेऊन आली, म्हणे आमच्या ओमला प्रॅक्टिकलला पूर्ण, आणि हसत सांगते, तो तर म्हणत होता मम्मी, मी मीटरला हातपण नाही लावला. आईने पेढा घेतला. काकू गेल्यावर एवढंच म्हणाली, तुलाच कशाला गं शहाणपण सुचतं? मी तोंड लपवून बसलेली, जसं काही चोरी करताना सापडले.

आता मी डोंबिवली एमआयडीसीत आहे, गिझरच्या कॉइल बनतात तिथे. माझं कामच ते, प्रत्येक कॉइलला मीटर लावायचा, काटा नाही हलला तर लाल क्रेटमध्ये टाकायची. कोणी हसत नाही. पण माझ्या तोंडून अजून सॉरी निघतं. शेजारची वैशाली म्हणते, ए बये, सॉरी काय, कॉइल काय तुझ्या बापाने वळली?

हे सगळं मी तुला मोठ्या तोंडाने सांगतेय ना, पण खरी लाज पुढेच आहे. परवा सायली कॉलेजातून घरी आली, म्हणाली, ताई, तिसऱ्या टेबलावर काटा हलत नाही गं, सगळे पंचवीस लिहितात, परीक्षेला तेच टेबल आलं तर मी काय लिहू? आई पोळी लाटता लाटता थांबली. आणि मी, मी म्हटलं, पंचवीस लिही.

सायली बघत राहिली नुसती माझ्याकडे. त्या सरांनी आणि मॅडमनी माझं जे केलं ते मी घरात बसून तिचं केलं, आणि मी तर रोज कॉइल तपासून पगार घेते.

काल मी तिला सांगितलं, पंचवीस नको लिहूस, दिसेल ते लिही. ती म्हणाली, आणि मग तुझ्यासारखं झालं तर? तिचं तसं होऊ नये ताई. म्हणून हे छाप. आणि वाचणाऱ्यांनो, हळहळू नका, त्याने काही होत नाही. सायलीचं प्रॅक्टिकल पुढच्या सोमवारी आहे. तुमचंही कोणीतरी कुठल्यातरी लॅबमध्ये पंचवीस लिहीत असेल. सोमवारच्या आधी तिथे जा, प्रत्येक कॉइलला सगळ्यांसमोर मीटर लावायला सांगा, आणि काटा हलला नाही तर ती कॉइल तिथून उचलायला लावल्याशिवाय घरी येऊ नका.