गळत नाही ना, मग झालं तर!

आजच्या माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या आगाराचे व्यवस्थापक साहेब. वाहतूक अधीक्षक साहेब. कर्मचारी संघटनेचे सेक्रेटरी. वर्कशॉपमधले माझे भाऊ, ज्यांनी माझ्या गाडीचा क्लच माझ्यापेक्षा जास्त सांभाळला. समोर बसलेले चालक, वाहक, सफाई विभागातल्या मावश्या. आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेले माझे यजमान, माझ्या दोन लेकी, माझ्या जाऊबाई. सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या धाकटीनं मला एक छान भाषण लिहून दिलंय. त्यात ‘ऋणानुबंध’ हा शब्द तीनदा आहे. ते मी वाचणार होते, खरंच वाचणार होते. पण आत्ता साहेब बोलताना म्हणाले, ‘ताईंनी इतकी वर्षं बस चालवली, पण कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. मध्यंतरी प्रकृतीचं काही झालं, तेही हसतमुखानं सोसलं.’ तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही सवयीनं हात जोडले. आणि मग माझं डोकं फिरलं.

साहेब, आपला मान राखून बोलते. मी तक्रार केली होती. अनेकदा, अनेक लोकांकडे, तोंडी आणि लेखी. त्यातली एक आपल्याकडे केली होती, तेव्हा आपण शेवटच्या थांब्यावर कंट्रोलर होता. आणि हसतमुखानं मी काहीही सोसलेलं नाही.

‘प्रकृतीचं काही झालं’ म्हणजे काय झालं? सांगूनच टाकते. मला लघवी गळण्याचा त्रास होता. मागे कोण हसलं? हसा, हसून घ्या. मलाही बायको असती आणि ती मला काही सांगत नसती, तर मीही हसले असते.

धाकटीच्या जन्मानंतर सुरू झालं. खोकलं की गळायचं, शिंकलं की गळायचं, स्पीडब्रेकरवर तर हमखास. ड्युटीवर मी पाणी प्यायचं सोडलं. शेवटच्या थांब्यावर पुरुषांना मुतारी होती. बायकांची होती तिच्यात जुने टायर रचलेले होते. मी म्हटलं, ‘टायर काढा.’ उत्तर काय आलं? ‘ताई, दोन-चार बायकांसाठी टायर कुठे ठेवू? डोक्यावर?’ एकदा भर उन्हाळ्यात माझी ड्युटी संपली आणि पुढच्या ड्युटीचा रिलीव्हर भाऊ सीटवर बसता बसता उठून म्हणाला, ‘पाऊस आला होता का हो तुमच्याकडे?’ त्याला खरंच कळलं नव्हतं, बिचारा. पण मी घरी जाऊन न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून रडले.

मग ऑपरेशन केलं. मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर. म्हणाले, ‘बारीकशी जाळीची पट्टी असते. लघवीच्या नळीखाली आधाराला बसवायची. किरकोळ काम आहे, उद्या घरी जाल.’ आणि खोटं कशाला बोलू, गळणं थांबलं. मी घरी मुद्दाम मोठमोठ्यानं खोकून दाखवायचे. सासूबाई तेव्हा होत्या, त्या म्हणायच्या, ‘अगं पुरे, शेजारी काढा घेऊन येतील!’

ते दिवस फार टिकले नाहीत. जांघेत कळ यायला लागली, मांडीपर्यंत. बसलं की आत पत्र्याची धार लागल्यासारखं व्हायचं. आता तुम्हीच सांगा, ड्रायव्हरनं बसायचं नाही तर काय करायचं? मी एका कुल्ल्यावर गाडी चालवली. वळणावर या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर. घरी उभ्यानं जेवायचे. सिनेमा बंद, लग्नकार्य बंद, लेकीच्या शाळेतली पालकसभा बंद, कारण तिथे लाकडी बाकं. आणि आमच्या यजमानांचे कान आत्ताच लाल झालेत म्हणून थोडक्यात सांगते, त्यांनाही एकदा काहीतरी टोचलं. त्यानंतर ते दोन हात लांबच झोपायला लागले. मला दुखेल म्हणून. मला वाटायचं, मी नकोशी झाले म्हणून.

मी त्याच डॉक्टरांकडे गेले. एकदा नाही, जात राहिले. त्यांचा प्रश्न दरवेळी एकच, ‘गळतं का?’

‘नाही डॉक्टर, पण दुखतं फार. बसवत नाही.’

‘गळत नाही ना? मग झालं तर! ऑपरेशन यशस्वी आहे तुमचं.’

माझं ऑपरेशन यशस्वी होतं आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्यानं जेवत होते! पुढे त्यांनी मला हाडांच्या गोळ्या दिल्या. मग म्हणाले वय झालं. वय! माझी थोरली तेव्हा कॉलेजात होती. शेवटी त्यांनी मला बाहेर बसवलं, म्हणजे उभं केलं, आणि यजमानांना आत बोलावून विचारलं, ‘घरी काही कटकट आहे का? मनाला लावून घेतात का या?’ दुखणं माझं, शरीर माझं, आणि चौकशी नवऱ्याकडे. आमच्या यजमानांनी सरळ सांगितलं, ‘मनाला लावून घ्यायचं काम ती मलाच लावते, डॉक्टर. हिला खरंच दुखतंय.’ त्यांचा एवढा एक विनोद मी आयुष्यभर जपलाय.

इकडे आगारात मी हलकं काम मागितलं. साहेब, तेव्हा मला सांगण्यात आलं की तुमच्या कागदावर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ असं लिहिलंय, मग हलकं काम कशाला? मी म्हटलं, कागदाला बसायचं नाहीये, मला बसायचंय. ही तक्रार नव्हती, तर काय होतं?

आणि मग तो दिवस आला. सकाळची फेरी, गाडी खचाखच. बाजाराच्या थांब्यावर मी गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि कळ सहन होईना म्हणून खाली उतरले. परत चढायला पाय उचलला, तो उचलेना. मी चाकाशेजारी फुटपाथवर आडवी झाले. वरून लोक ओरडतायत, कोणी खिडकीवर थापा मारतंय, एक जण म्हणाला, ‘बायकांना गाड्या देतात आणि मग हे असं होतं.’ तेव्हा माझी वाहक, जिला अख्खं आगार ‘शिट्टी’ म्हणतं, ती तिसऱ्या रांगेत बसलीय बघा, मान खाली घालून, ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘बस बंद पडलेली नाही. बाई बंद पडलीय. उतरा सगळे!’ आणि उतरले हो. तो खिडकीवाला सगळ्यात आधी उतरला.

शिट्टी माझ्याजवळ बसली. म्हणाली, ‘ताई, आता मला सगळं सांग.’ मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘डॉक्टर बदलायचा.’ मला हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी ‘गळतं का’ विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, ‘पट्टी घातल्यापासून तुम्ही काय काय करायचं सोडलं?’ आणि मला सांगता सांगता रडू फुटलं, कारण सोडलेलं संपेना. तपासल्यावर म्हणाल्या, ‘पट्टीची कड योनिमार्गाच्या भिंतीतून बाहेर आलीय. तुम्हाला भास होत नाहीये.’

हा शब्द ऐकून ज्यांनी माना खाली घातल्या, त्यांना विनंती, वर बघा. आपण सगळे त्याच वाटेनं जगात आलोय.

बाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, ‘पट्टी काढता येईल, पण घालण्याइतकं काढणं सोपं नसतं. एखादा तुकडा आत राहील. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. आणि गळणं परत सुरू होऊ शकतं. विचार करून ठरवा, घाई नाही.’

घरी सभा भरली. जाऊबाई काळजीनं म्हणाल्या, ‘परत गळणारच असेल तर कशाला चिरफाड? केलंय ते वाया जाईल.’ जाऊबाई, रागावू नका, तुम्हीच नंतर माझं सगळं केलंत. तेव्हा आमचे यजमान, जे घरच्या सभेत कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, ‘ही माझ्याशेजारी जेवायला बसत नाही. मला ही बसलेली हवी. बाकी कपडे मी धुईन.’

दुसरं ऑपरेशन जड गेलं. रक्त गेलं, नळी बरेच दिवस राहिली. थोडी पट्टी हाडाजवळ अजून आहे. थंडीत ती कळ आठवण करून देते. आणि गळणं? आलं परत. पहिल्याइतकं नाही, पण आलं. मग व्यायाम शिकले. त्या डॉक्टर बाईंनी एका मुलीकडे पाठवलं, तिनं शरीरातले कोणते स्नायू आवळायचे ते धीरानं शिकवलं. मी तो व्यायाम लाल सिग्नलला करायचे. या शहरातले सिग्नल केवढे लांब आहेत, त्याचा मला एकटीलाच फायदा झाला असेल. आज मी पॅड लावते. आत्ता, या व्यासपीठावरसुद्धा लावलाय. परत पट्टी घालायची का, असं विचारलं होतं. मी नको म्हटलं. दुसरी कुणी हो म्हणेल, तिला तो हक्क आहे.

पुढे एकदा पहिले डॉक्टर हॉस्पिटलच्या जिन्यात भेटले. म्हणाले, ‘ऐकलं, पट्टी काढलीत. आता परत गळतंय ना? मी काय सांगत होतो!’

मी त्यांना उत्तर दिलं नाही. जिन्यात सुचलंच नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आज तुमच्यापुढे देते. डॉक्टर, तुमच्या हिशेबात माझं पहिलं ऑपरेशन पास आणि दुसरं नापास. पण दुसऱ्यानंतर मी पाट मांडून नवऱ्याशेजारी जेवायला बसले. धाकटीच्या निकालाला लाकडी बाकावर बसले. परत स्टिअरिंगवर बसले आणि निवृत्त होईपर्यंत बसले. हसले की थोडं गळतं, म्हणून मी हसायची थांबलेली नाही. हे तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिणार होता? तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्यासारख्या किती बायकांना विचारलं नसेल, या विचारानं मला अजून झोप येत नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर परत कामावर रुजू झाले त्या दिवशी मी शेवटच्या थांब्यावर गाडी बंद केली आणि सांगितलं, मुतारीतले टायर निघेपर्यंत गाडी हलणार नाही. शिट्टीनं घंटीची दोरी गुंडाळून ठेवली. प्रवासी चिडले होते, पण एका आजींनी सगळ्यांना गप्प केलं, त्यांनाही जायचं होतं. साहेब, शेवटचे टायर आपण स्वतः उचललेत. पँटला ग्रीस लागलं होतं. मी विसरलेली नाही आणि त्याबद्दल आपले मनापासून आभार.

वर्कशॉपचे, संघटनेचे, घरच्यांचे आभार. शिट्टीचे मानत नाही, ती शिवी देईल. नव्यानं रुजू झालेल्या तिघी चालक मुली मागे बसल्यात. चहानंतर मी विश्रांती कक्षात आहे, दार लावून बोलू.

माझ्या बोलण्यातले काही शब्द या सभेला शोभले नसतील. मोठ्यांनी पोटात घालावेत. आणि पुरुष मंडळींना एक विनंती करून थांबते. आज घरी गेलात की बायकोला, आईला विचारा, तुला कुठे काही त्रास होतो का गं? ती म्हणेल, ‘काही नाही.’ तेव्हा लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ बसा.