आधी पाणी, मग प्रार्थना

ऐका. शेकोटीत दोन काटक्या सारा आणि मधे बोलू नका. मला मेलीला एकदा सांगतानाच दम लागतो, दोनदा सांगणार नाही.

आमचे हे या वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, ठाऊक आहे ना? रूबेन पाळक. शेजारच्या गावातली संध्याकाळची भक्तीची सभा आटोपली आणि निघाले घरी. अंधार पडलेला. एकटेच. हातात बॅटरी, काखेत पिशवी. यायला वाटा दोन. एक सरळ, माळावरनं. दुसरी ओढ्यातनं, लांबची, काट्याकुट्याची. शहाणा माणूस माळानंच येईल की नाही? हे गेले ओढ्यानं!

का? तर माळावर धुळा धनगराचा वाडा बसला होता, मेंढरांचा. आणि त्याच दिवशी दुपारी धुळा आमच्या देवळाच्या पायरीवर येऊन रडून गेला होता.

त्याच्या बायकोला, ठकूला, धरलं होतं. अन्न नाही, झोप नाही. रात्र झाली की विहिरीकडे धावायची. दाव्यानं बांधून ठेवायचे हो बाईमाणसाला! देवऋषी झाले, अंगारे झाले. कुणीतरी सांगितलं, ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेनं भुतं निघतात. आला बिचारा.

"पाळकबाबा, बायकू मरंल माजी. तेवढी सोडवा."

हे उठलेच होते. पण मंडळीचे पंच अलिशाबुवा आडवे आले. "आधी पाणी, मग प्रार्थना. बाप्तिस्मा घेणार का, ते विचारा." आता अलिशाबुवा वेडे नव्हते हं. म्हणाले, भूत काढलं आणि घर रिकामं ठेवलं, तर ते आणखी सात घेऊन परत येतं, शास्त्रात आहे. आहेच. मी कुठं नाही म्हणते? पण खरं दुखणं निराळं होतं. आदल्या वर्षी यांनी एका परक्या माणसाला मोकळं केलं आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी म्हसोबाला बोकड कापला. गुण आमच्या देवाचा आणि बोकड म्हसोबाला! ते बुवांच्या घशात अडकलं होतं.

धुळा म्हणाला, "बिरोबाला सोडायचं मला न्हाय जमायचं. खोटं कशापायी बोलू?"

खरं बोलला, म्हणून हात हलवत गेला. आणि आमचे हे? खाली मान घालून उभे! आता रात्री त्याच्या वाड्यावरनं कुठल्या तोंडानं जाणार? म्हणून ओढा.

ओढ्यात उतरले आणि बॅटरी विझली. पण पुढे एक उजेड. मिणमिणता. हे थांबले की तो थांबायचा, हे चालले की चालायचा. यांना वाटलं, असेल कुणी वाटसरू. मग काट्याची फांदी आपोआप बाजूला झाली. मग काख हलकी लागली. बघतात तर पिशवी पुढे चाललीय! कुणी धरलेली नाही, नुसती चाललीय! बाई गं, अजून काटा येतो.

आणि आवाज आला. अलिशाबुवांचा! "चांगलं केलंत, पाळक. मंडळीची अब्रू राखलीत." वळून बघतात तर कुणी नाही. आणखी पुढे गेले, तर आवाज यांचाच! देवळात बोलतात तसा, हुबेहूब. "आपण काय करणार? अट सगळ्यांना सारखीच."

भूत म्हटलं की नरडं धरतं ना? हे गोंजारत होतं. त्याचीच जास्त भीती वाटली, म्हणाले मला.

ओरडले, "येशूच्या नावानं नीघ!"

ते हसलं. "इथनं कुठं निघू? माझं घर त्या बाईत आहे. तिथं आला असतास तर निघावं लागलं असतं. आला नाहीस, उपकार झाले. चल, घरी पोचवतो तुला."

मग चालतायत, चालतायत, आणि समोर तीच बाभळ! पुन्हा चालतायत, पुन्हा तीच बाभळ! "आलंच घर, आलंच," ते म्हणतंय. आणि खरंच आमचं घर! दार उघडं, चिमणी लावलेली, मी दारात उभी राहून हाक मारतेय. अरे, मी इकडे भाकरी थापत होते रे! यांनी उंबऱ्यावर पाय टाकला. पायाखालचा दगड सुटला. डुबुक्!

विहीर! पडकी, कठडा नसलेली. एक पाय आत लोंबकळतोय. कसेबसे मागे कोसळले. आणि बघतात तर पलीकडच्या काठावर ठकू. पायात तुटकं दावं. विहिरीत वाकलेली. त्यानं दोघांनाही एकाच विहिरीवर आणलं होतं!

हे धावले. पदर धरला, फाटला. वेणी धरली. काय जोर हो त्या बाईचा, यांनाच ओढत नेलं काठापर्यंत. तेव्हा केली प्रार्थना. तू कुणाची, कुणाला मानतेस, काही विचारलं नाही. नुसते रडले. "प्रभू, ही मरतेय. हिला सोडव." विहिरीतनं असा हुंदका फुटला म्हणे! आणि बाई मटकन खाली बसली. भूक लागली म्हणाली.

आता खरी भुताटकी ऐका. रविवारी धुळा खांद्यावर कोकरू घेऊन आला. "बिरोबालाबी एक दिलंय, ह्ये तुमच्या देवाला." भाबडा तो! मंडळीनं कोकरू परत पाठवलं आणि यांना पाळकाच्या कामावरनं काढलं. अट मोडली म्हणून! ज्या देवळाच्या भिंतींची माती यांनी स्वतः तुडवली, तिथं मरेपर्यंत मागच्या बाकावर बसले. ठकूचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. वाडा उठला, मेंढरं गेली. आले असतील सात, नसतील आले. त्या रात्री ती मेली नाही, एवढं खरं. मला मात्र मंडळीचा राग आहे. प्रभूपुढे उभी राहीन तेव्हाही असेल.

जा आता. पण ओढ्यानं जाऊ नका, दिवसासुद्धा नको. कुणाला दारातनं परत पाठवलं असेल, तर त्याच्या दारावरनंच जा. तो शिव्या देईल. खा शिव्या. शिव्या देतो तो माणूस असतो. ओढ्यात भेटतो तो फार गोड बोलतो.