दार कोरलेला मन्शूर

रझाकारांच्या धाकानं तेरमधली निम्मी घरं बार्शीच्या छावणीकडं गेली होती. पार्वतम्माही बोचकं घेऊन बलभीमाच्या गाडीत बसली होती. तेवढ्यात शाळेचे गुरुजी टोपली घेऊन आले.

“बलभीमा, छावणीत आपल्या शाळंची लेकरं भेटली, तर ज्याचं त्याला दे. भूमितीच्या तासाला मातीचे आकार केले, वाळत घातले, अन् तसेच टाकून गेली.”

“ह्ये काय म्हनायचं, गुरुजी?” बलभीमानं टोपलीत डोकावत विचारलं.

“हा गोळा, ही वीट. अन् हा, उर्दू पुस्तकात म्हणतात तो मन्शूर. दोन्ही टोकांना तिकोन, छपरावानी.”

“ह्याला तर दार कोरलंय.”

“ते इरम्माचं. मन्शूर भरीव असतो, त्याला दार कशाला, म्हणून रागावलो मी. तर म्हणती, मग आत जायचं कसं?”

पार्वतम्मानं तो मन्शूर उचलून पदरात घेतला.

“तुमी बी चला की, गुरुजी. हितं शिकवायला ऱ्हायलंय कोन?”

“तू हो पुढं.”

“मग शाळंला कुलूप तरी घाला. दार सताड उघडं हाय.”

“घातलं असतं. पण एखादं लेकरू परत आलं, तर त्यानं आत जायचं कसं?”