मिस ओडेसांनी जोडलेले दोन पडदे

सन्माननीय अध्यक्ष पास्टर मॅकलेमोर, व्यासपीठावर विराजमान झालेल्या चर्चच्या ज्येष्ठ भगिनी, आजच्या सत्कारमूर्ती मिस ओडेसा टार्पली, आणि तळलेल्या माशांच्या वासाने सारखं मागे वळून पाहणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो! जेवण लांबवणार नाही. पण एक्केचाळीस वर्षं या गावाची वाद्यं बरी करणारी बाई आज दुकानाला कुलूप लावते आहे, आणि ल्यूशस हेअरस्टनने गप्प बसावं? कसं शक्य आहे?

शाळेत मी बाकावर उभा राहून कविता म्हणायचो. शेवटच्या ओळीला हमखास श्वास संपायचा. पुढे वडिलांची गिटार हाती आली. पोलादी अंगाची, पोटात आवाज घुमवणारा पातळ पत्र्याचा शंकू असलेली. तिचंही तेच! आपल्या चर्चची गायिका सिस्टर व्हर्लीन शेवटची ओळ उंच भिरकावणार, करंगळीतली काचेची नळी तारांवरून सरकवत मी उत्तर द्यायला धावणार, तर गिटारच्या मानेवरची पट्टीच एकोणिसाव्या पडद्याला संपलेली. दोन पडदे कमी! मग खालच्या सप्तकात उत्तर. व्हर्लीन मान न वळवता म्हणायची, "ल्यूशस, तुझी गिटार दारातच बसली की रे!"

तीस वर्षं ऐकलं. मग ती शिकागोला राहायला गेली, आणि गेल्या वसंतात तिथून तिचं पत्र आलं: "ऑगस्टात होमकमिंगला, गाव सोडून गेलेले सगळे चर्चला परततात त्या रविवारी येते. एक्क्याऐंशी झाली, पुन्हा जमेलसं वाटत नाही." सांगा, त्या बाईला एकदा तरी पुरं उत्तर नको का मिळायला?

पट्टी वाढवायची ठरली. मोजमाप मीच केलं! शेवटच्या दोन पडद्यांत जेवढं अंतर, तेवढंच पुढे दोनदा. मिस ओडेसांनी चष्म्यावरून कागद पाहिला. "हा काय जिना आहे? वर जाताना पडदे जवळ येत जातात. इतकी वर्षं बघतोस कुठे?"

"डोळे मिटून वाजवतो."

"तरीच!"

त्यांनी स्वतःच्या परसातल्या पर्सिमनच्या फळझाडाचं काळं लाकूड काढलं, तासलं, जोडलं. मी तार छेडली, आणि काय सांगू, आवाज उशीखाली दडपल्यासारखा! नवा तुकडा शंकूवरच्या झाकणाला टेकत होता. मला घाम फुटला; बाई मात्र शांत. खालून खरवडलं, फटीत पत्त्यातलं एक पान सरकवून पाहिलं. पान न अडकता आरपार गेलं आणि सूर असा उसळला की दुकानातलं कुत्रं भुंकत बाहेर पळालं!

मग तो रविवार. नवी पट्टी मी तिला आल्याआल्याच दाखवली होती. व्हर्लीन गायली. शेवटच्या ओळीला चढली, आणि दोन सुरांआधीच थांबली. श्वास संपला होता. आपली रीत तुम्ही जाणता: गाणारी थांबेल तिथेच गिटारने थांबायचं, तिच्या वर जायचं नाही. माझी नळी जागीच थबकली. तेव्हा तिने तीस वर्षांत पहिल्यांदा मान वळवली. "बघतोस काय? ओडेसाने लाकूड शोभेला जोडलंय? जा वर!"

आणि मी गेलो हो! विसावा, एकविसावा... तिची ओळ पुरी झाली. व्हर्लीन दोन्ही हात उंचावून हसत होती, रडत होती, अख्खं चर्च उभं होतं. एकट्या मिस ओडेसा बसलेल्या. डोकं खाली, कान गिटारीकडे, कुठे खरखर येते का ते ऐकत.

बाई, खरखर नव्हती. एवढंच सांगायला उठलो होतो. आपले, अध्यक्षांचे, आणि भुकेल्या पोटी ऐकणाऱ्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला.