हातात किती पडतात

ताई : हलू नकोस म्हटलं ना! शेक गुडघ्याला द्यायचाय, टेबलाला नाही. आणि विषय बदलू नकोस. बोललास का तिच्याशी?

भाऊ : तुझी मुलगी, तू बोल.

ताई : माझं ऐकते कुठे? फिजिओथेरपीला सरळ प्रवेश मिळतोय आणि बाईसाहेबांना कोच व्हायचंय. मामासारखं! आज पाचला फॉर्मची मुदत संपते.

भाऊ : होऊ दे की. पळते छान, लहान पोरांना शिकवते त्याहून छान.

ताई : आणि खाणार काय, शिट्टी? फिजिओला चाळीस हजार कुठे गेले नाहीत. तुमचं म्हणजे सुट्टीत मैदान भरलेलं, परीक्षा आल्या की ओस.

भाऊ : आई गं! हळू दाब.

ताई : खरं सांग, महिन्याला हातात किती पडतात?

भाऊ : पडतात बरे.

ताई : आकडा विचारला मी.

भाऊ : एकवीस.

ताई : एकवीस? मग काल ती मला पन्नास-पन्नास काय ऐकवत होती?

भाऊ : मीच सांगितलं तसं. सगळ्या बॅचसमोर विचारलं गं तिने. एकवीस म्हणायला जीभ रेटेना.

ताई : धन्य आहेस! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू फुशारक्या मारतोस? लाव फोन. आत्ता. स्पीकरवर.

भाऊ : लावतो, लावतो... हॅलो, मामा बोलतोय. ऐक, ते पन्नास म्हणालो ना, तसं नाहीये. एकवीस मिळतात.

भाची : माहितीये. तुझ्या क्लबच्या ऑफिसात परवाच विचारलं मी.

भाऊ : मग काल आईला पन्नास का सांगितलंस?

भाची : तुझी लाज राखायला नको?

ताई : ऐक, ऐक! आणि तरी कोचचाच फॉर्म भरलास?

भाची : एकही भरला नाही अजून. दोन्ही समोर घेऊन बसलेय. मामाचा आकडा कळला, तुझा राहिलाय.

ताई : माझं काय मध्येच?

भाची : चाळीस, चाळीस म्हणतेस, ते कुणाकुणाचे सांगतेस. तू स्वतः एकोणीस वर्षं एकाच दवाखान्यात फिजिओ आहेस. तुला किती मिळतात, आई?

भाऊ : सांग की, ताई.

भाची : हॅलो? आई?

ताई : (फोनवर हात ठेवून) सव्वीस.

भाऊ : हात काढ, ताई. तिला ऐकू दे.