तीन क्लिपांपैकी मधली

दिनांक १९/०१/२०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

नाव पुंजाजी कोंडूजी खिल्लारे, वय ७२ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा ट्रॅक्टरचे व फवारणी पंपाचे पाइप बनवणे आणि दुरुस्ती, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. मोबाइल सुनेचा आहे, नंबर पाठ नाही.

मला कोणी बोलावले नाही. मी आपण होऊन एस.टी.ने ठाण्यात आलो आहे आणि महिला पोलीस मंजुषाताई यांच्यासमोर बसून सांगतो ते असे की,

केनवडला मेन रोडवर माझी टिनाची शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये मी पाइपाचे काम करतो. उरलेल्या अर्ध्यात चार वर्षांपासून राजपाल गोविंदसिंग राठोड, वय २९, याचे गॅरेज आहे. मध्ये भिंत नाही, त्यामुळे त्याच्याकडे जे बोलणे होते ते मला ऐकू येते.

काल शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पवन दौलतराव बोडखे याची लाल गाडी त्यांच्या खळ्यात उभी असताना पेटली. गाडीत कोणी नव्हते, इंजिन बंद होते. बाजूचा कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीगही जळाला. माती टाकताना पवनचे दोन्ही तळहात भाजले. बंद गाडी आपोआप कशी पेटेल, म्हणून ती राजपालने पेटवली अशी तक्रार दौलतरावांनी दिली आहे. त्याला कालपासून येथे बसवून ठेवले आहे. त्याची आई हिरीबाई बाहेर डबा घेऊन बसली आहे. तिच्यासमोरूनच मी आत आलो. तिला अजून काही बोललो नाही.

काल दुपारी एक वाजता गॅरेजवर दोघांचे भांडण झाले, हे खरे आहे. मी हजर होतो. पवन गाडी घेऊन निघाला होता. राजपाल त्याला म्हणाला, "पाइप नवे हायेत. पहिले पन्नास किलोमीटर झाले का बॉनेट उघडून पाहा लागते. पाच मिनटं थांब."

पवन म्हणाला, "तुह्याच हातानं बसवले ना? मंग कायले भेतं? सोताच्या कामावर भरोसा नाई काय?"

राजपाल म्हणाला, "भरोसा हाय म्हणूनच पाहून राह्यलो. नाई आयकत त पेटव मंग तिले!"

हे शेवटचे वाक्य चहावाल्याच्या बाकावरच्या चौघांनी ऐकले आणि तेच सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्याच्या हातांना पेट्रोलचा वास आला असे जे म्हणतात, तो वास रोजच येतो. तो पार्ट पेट्रोलने धुतो. माझ्या हाताला ग्रीसचा येतो.

या भांडणात मी काहीच बोललो नाही. काहून बोललो नाही ते पुढे सांगतो. ते सांगायलाच आलो आहे.

पवनच्या गाडीचे इंजिन त्या दोघांनी मिळून वाढवले होते. इंजिनात हवा कोंबायचे एक चाक बसवले, पेट्रोलचा पंप मोठा केला. कंपनीचा पेट्रोलचा पाइप त्या दाबाला पुरणार नव्हता. म्हणून राजपालने अकोल्याहून दोन नमुने आणले. एकाला बाहेरून स्टीलच्या बारीक तारेची जाळी होती. दुसऱ्याला काळ्या दोऱ्याची जाळी होती आणि आतून तो पांढरा, गुळगुळीत होता. मला राहवले नाही. मी दोन्ही नमुने उभे चिरून पाहिले. मी ट्रॅक्टरला जो पाइप करतो त्यातही तारेची जाळी असते, पण ती रबराच्या पोटात असते, वरून पुन्हा रबर असते. ही जाळी उघडी का ठेवली ते मला कळेना. मी तीन-चारदा विचारले.

राजपाल म्हणाला, "बाबा, दगड लागला तरी आतल्याले धक्का नाई."

पवन म्हणाला, "अन् बॉनेट उघडलं का चमकते ना! लोकायनं पाह्यलं पायजे."

राजपालला काळा पाइप बसवायचा होता. तो म्हणाला की पाइप वायरींजवळून जातो, दोऱ्याचाच बरा. त्यांनी मला विचारले. सुताच्या जाळीवर माझा विश्वास बसला नाही. मी म्हणालो, "तारेचा घ्या. चाळीस वर्सं मी तारेवरच पोट भरलं." माझ्या वयाकडे पाहून राजपालने मान्य केले.

मंजुषाताईंनी येथे मला म्हटले की, आजोबा, पाइपाचे पुरे, आगीचे सांगा. मी सांगितले की ताई, आग पाइपातच आहे. तेही लिहून घ्यावे.

सोमवारी दिनांक १३ रोजी पाइप कापला. कापण्याआधी त्यावर टेप घट्ट गुंडाळावी लागते, नाही तर जाळी कणसाच्या केसांसारखी फुलते. पहिल्यांदा माझी फुललीच. दोन तारा बोटात घुसल्या, खूण आहे. टोकाची पितळी तोंडे तेल लावून हाताने पिळून बसतात, प्रेस मशीन लागतच नाही, याचे मला नवल वाटले. मी एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्यातून फुंकून पाहिले, कुठे बुडबुडा नाही. मग राजपालने पाइप इंजिनाच्या मागच्या पत्र्याला चिकटून नेला आणि आतून रबर असलेल्या तीन क्लिपांनी बांधला. तीन क्लिपा त्यानेच लावल्या. मी मोजल्या होत्या.

तो पाइप मला ताणलेला दिसत होता. अकोल्याला ज्या उस्तादाकडे मी काम शिकलो त्यांचा नियम होता की पाइपाला मूठभर ढील ठेवायची. ट्रॉली उचलताना पाइप ताणला की मानेतून, म्हणजे तोंडाच्या जोडातून, निघतो. या नियमाने केलेला माझा एकही पाइप परत आला नाही. राजपालला मी हे बोललो होतो. तो हसून म्हणाला होता, "बाबा, हे ट्रॉली नोहे."

मंगळवारी संक्रांत होती. राजपाल मंगरूळपीरला बहिणीकडे गेला. गाडी शेडमध्येच होती. मला सकाळपासून चैन पडेना. पाइप मानेतून निघेल, गरम इंजिनावर पेट्रोल उडेल आणि पवन आत बसलेला असेल, असे सारखे डोळ्यासमोर येत होते. अकराच्या सुमारास मी बॉनेट उघडले आणि मधली क्लिप काढली. पाइप ओढून मूठभर ढील दिली. मूठ घालून पाहिली, बरोबर बसली. मग मला बरे वाटले. क्लिप तंबाखूच्या डबीत ठेवली. राजपालला सांगायचे होते. तो रागावेल म्हणून आज सांगू, उद्या सांगू असे केले. बुधवारी पवन गाडी घेऊन गेला.

म्हणून काल मी बोललो नाही. राजपालने बॉनेट उघडले असते तर मधली क्लिप नाही हे त्याला लगेच दिसले असते. पवन न थांबता निघून गेला तेव्हा मला हायसे वाटले होते.

आज सकाळी सात वाजता मी खळ्यात जाऊन जळालेली गाडी पाहिली. रबर सगळे गेले आहे. जाळी मात्र सापाच्या कातीसारखी पोकळ शाबूत आहे. मधल्या क्लिपच्या जागेपासून एक वीत अंतरावर बॅटरीची जाड केबल खालून जाते. केबल सगळीच जळाली आहे, पण त्या एकाच जागी, चार बोटे लांब, तांबे वितळून त्याचे मोहरीएवढे मणी झाले आहेत. त्याच जागी जाळीच्या तारा तुटून एकमेकींना चिकटल्या आहेत. दुसरीकडे कुठेच असे नाही. मी काठीने दाखवू शकतो. हात लावलेला नाही.

तरी माझी खात्री होईना. शेडवर येऊन मी पाइपाचा उरलेला तुकडा घेतला आणि एका जुन्या केबलवर कानशीसारखा घासत मोजले. एकशे सत्तर वेळा घासल्यावर तांबे उघडे पडले. इंजिन हलते तेव्हा घासणे हलके असेल, पण बुधवार ते शनिवार एवढ्यात तेवढे होतेच. माझ्या ट्रॅक्टरच्या पाइपाला वरून रबर असते, तो शंभर वर्षे घासला तरी केबल कापणार नाही. इंजिन बंद केले तरी त्या केबलमध्ये वीज राहते, हे राजपालनेच मला पूर्वी सांगितले होते. उघड्या तांब्याला तारेची जाळी टेकली की ठिणगी पडते, आणि पाइपात पेट्रोल असते. एवढी ढील नसती तर पाइप केबलपर्यंत पोचलाच नसता.

घरी रंगूबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितले. ती म्हणाली, "तुमाले कोणी इचारलं काय? चूप बसा ना घरी." थोड्या वेळाने तिनेच माझ्या बीपीच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि एस.टी.ची वेळ सांगितली.

क्लिप, पाइपाचा तुकडा आणि घासलेली केबल सोबत आणली आहे, ती जमा करून घ्यावी. क्लिप डबीसकट ठेवली तरी चालेल.

क्लिप टेबलावर ठेवली तेव्हा राजपालने बाकावरून पाहिली. तो म्हणाला, "हे मधली व्हय?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मले इचारा लागत होतं, बाबा." मी म्हणालो, तू मंगरूळला होता. मला आत ठेवायचे असेल तर हरकत नाही, पण त्याला सोडावे आणि त्याच्या आईला ते पोलिसांनीच सांगावे. मला सांगता येणार नाही.

हा मजकूर मंजुषाताईंनी मला हळूहळू दोनदा वाचून दाखवला. शेवटी त्यांनी "सबब गाडी आपोआप पेटली असावी" असे लिहिले होते. म्हातारा माणूस म्हणून लिहिले असेल. ते माझे म्हणणे नाही. मी ते खोडायला लावून "पुंजाजीने मधली क्लिप काढली म्हणून पेटली" असे घालून घेतले, आणि खोडलेल्या जागेशेजारी वेगळी सही केली आहे. बाकीचे सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

(सही) पुंजाजी कोंडूजी खिल्लारे